मोटारीचा ढावलो

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी मीही मुंबईला गेले. दिग्रसच्या मोटार स्टँडवर याडी माझ्यासमोर उभी होती. याडी म्हणजे माझी आई. आम्ही गोर, म्हणजे बंजारा लोक. दिग्रसपासून पायवाटेने गेलं की आमचा तांडा. आमच्यात मुलगी लग्न होऊन निघाली की आईच्या, काकीच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून गाऊन रडते. त्या रडण्याच्या गाण्याला ढावलो म्हणतात.

माझा ढावलो दोन वर्षांपूर्वीच होऊन गेला होता. सासर शेजारच्याच तांड्यात. तेव्हा मी इतकी रडले की घसा बसला, आणि आठ दिवसांत ताक न्यायला परत माहेरी हजर! आता खरी दूर चालले होते, तर त्यासाठी आमच्याकडे गाणंच नव्हतं. मी तोंड उघडलं तसा याडीने माझा हात दाबला.

"लगनात रडली नं वं तू? आता नाई रडाचं. दुसऱ्यांदा ढावलो गायला का माहेर तुटते."

मोटार सुटली. दारव्ह्याला छोटी आगगाडी, मूर्तिजापूरला मोठी. सगळ्या वाटेत माझे घरधनी मला फुटाणे खा म्हणत होते आणि मी ते पदराला बांधून ठेवत होते.

मुंबईत चेंबूरकडे नव्या इमारती उठत होत्या. घरधनी सिमेंट कालवायचे, मी घमेली वाहायची. तांड्यात माझ्या तोंडी पऱ्हाटी, तूर, गोठा हे शब्द. इथे सेंटरिंग, स्लॅब, मुकादम, हाजरी. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले, पण सगळा तांडा बरोबर घेऊन. मी पत्र्याच्या खोलीत एकटी बसून शेजारणींची मराठी ऐकायची आणि अर्धी समजायची. माझी मराठी ऐकून त्या हसायच्या. "मले-तुले" म्हटलं की पोरं मागे लागायची.

अशातच एक दिवस घमेलं डोक्यावर असताना आतून ओळ आली:

*बैल मागं वळून पाहते, मोटार पाहत नाई,*
*याडी, तुहा हात सुटला, रस्ता सुटत नाई.*

चाल ढावलोचीच होती, म्हणून मी आधी घाबरले. मग मनाशी म्हटलं, हा लग्नाचा नाही, मोटारीचा ढावलो आहे. याडीने याला कुठे मना केलं? त्यानंतर गाणी येतच गेली. नळावरच्या भांडणाचं एक, अर्ध्या बांधलेल्या जिन्याचं एक, तांड्यातल्या होळीचं एक. मला लिहिता येत नव्हतं. घोळवून घोळवून पाठ करायची.

वस्तीत पोरांना टोचायला एक नर्सबाई यायच्या, कुंदाताई. मूळच्या कोकणातल्या. एकदा सुई हातात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी पलीकडे गात होते.

"सोनाबाई, हे कुणाचं गाणं?"

"मह्यंच हाये, ताई."

"परत म्हणा," म्हणाल्या आणि खाली बसल्या. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले. त्याही घर सोडून आलेल्या, हे मला तेव्हा कळलं.

त्यांचे मामेभाऊ वसंतराव एका स्टुडिओत आवाजाच्या यंत्रावर होते. त्यांनी आम्हाला रेकॉर्ड काढणाऱ्या एका कंपनीच्या साहेबांकडे नेलं. साहेबांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "चाल गोड आहे. पण हे शब्द कोणाला कळणार? 'याडी'चं 'आई' करा. मोटार काढून डोली घाला. मागे व्हायोलिन देऊ."

घरधनी दारापाशी उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मोटार काढली, तं मंग पोरगी गेली कायनं?"

साहेब हसले. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. मला वाटलं, झालं, संपलं. पण परतीच्या वाटेवर घरधनी वसंतरावांना विचारत होते, की कंपनी नसली तर तबकडी निघतच नाही का? निघते, ते म्हणाले, पण सगळं आपलं आपण करावं लागतं. माझी गळ्यातली चांदीची हसली आणि घरधन्यांची सायकल त्यात गेली. बाकीचं वस्तीने उचललं. एका पंगतीला जमतात तसे सगळे जमले.

एका सुट्टीच्या दिवशी स्टुडिओ मिळाला. आमच्याच वस्तीतला एक म्हातारा नगारा वाजवणार होता, घरधनी काशाची थाळी. मी फेटिया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, नेसून मायकासमोर उभी राहिले. पहिली ओळ गायले आणि वसंतराव काचेमागून बाहेर आले.

"बाई, हातातल्या बांगड्या फार वाजतात. तेवढ्या काढाल का?"

 माझ्या दंडापर्यंत बलिया होत्या. आमच्यात त्या नवरा गेल्यावरच उतरतात. वसंतरावांना ते ठाऊक नव्हतं. बिचारे तसेच उभे. मी म्हटलं, "मंग राहू द्या साहेब, गानंच राहू द्या."

घरधन्यांनी थाळी खाली ठेवली. डोक्याचा पटका सोडला आणि माझे दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत त्यात घट्ट गुंडाळले. "आता गाय," म्हणाले. उघड्या डोक्याने परक्यांसमोर बसायची त्यांना केवढी लाज. पण दिवसभर तसेच बसून त्यांनी थाळी वाजवली. हात हलवता येत नव्हते, म्हणून सगळा जीव गळ्यात आला. तबकडीच्या एका बाजूला तीनच मिनिटं मावतात. रडणं तेवढ्यात आवरायला मी त्या दिवशी शिकले.

तीन तबकड्या निघाल्या, सहा गाणी, जाड पुठ्ठ्याच्या कप्प्यांत घातलेली. कुंदाताई त्याला अल्बम म्हणायच्या. वरती नाव: मोटारीचा ढावलो. आमच्या लोकांच्या वस्त्यांमधून तो आम्ही हिंडून विकला. यंत्र कोणाकडेच नव्हतं. तरी लोक घ्यायचे, आणि देवाशेजारी ठेवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात एक अल्बम मांडीवर घेऊन, कोणाचा धक्का लागू न देता मी तांड्यावर गेले. दिग्रसच्या कापसाच्या जिनवाल्या एका शेठजींनी ग्रामोफोन दिला, तो बैलगाडीत गवतावर ठेवून आणला. तांड्याचा प्रमुख तो नायक, त्याच्या अंगणात सगळे जमले. याडी मात्र लांब, आमच्याच दाराशी, पाठ करून ज्वारी पाखडत बसली. ढावलो मी यंत्रात घातला, हे तिला आधीच कळलं होतं.

तबकडी फिरली. माझा आवाज अंगणात आला. बायांनी पदर तोंडाला लावले. याडीचं सूप थांबलं, पण ती वळली नाही.

संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. "याडी, रागावली का वं?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "चाल बराबर हाये. पन पोरगी गाते तं मायबी गाते नं? तू एकटीच गाऊन राह्यली. माय काहून मुकी?"

"रडू नको म्हनली, त्याहून जास्त तू कुठं काई बोलली होती स्टँडवर?"

"तोंडानं नाई बोलली," ती म्हणाली. आणि सूप बाजूला ठेवून, माझ्या गळ्यात हात टाकून तिने गायला सुरुवात केली:

*जाय बाई, दूर जाय, मी काई रडत नाई,*
*एक भाकर जास्त थापीन, कोनाले सांगत नाई.*

मी दुसऱ्यांदा ढावलो रडले. माहेर काही तुटलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी तांड्यावर एक लग्न होतं. मुलगी उमरखेडकडे दिलेली. निघताना ती आईच्या गळ्यात पडली आणि गायला लागली, "बैल मागं वळून पाहते..."  तिने मधे दोन ओळी आपल्या पदरच्या घातल्या होत्या, आणि त्या माझ्यापेक्षा बऱ्या होत्या. मी शेजारच्या म्हातारीला म्हटलं, "मावशे, हे तं मह्यं गानं."

म्हातारीने माझ्याकडे कीव करून पाहिलं. "तुहं कायचं वं? हे आपल्या आजीच्या आजीपासून चालत आलं."

मी वाद घातला नाही. जे माझं म्हणून मुंबईत एवढ्या हट्टाने वाचवलं, ते इथे कोणाचंच राहिलं नव्हतं, आणि मला त्याचं फार बरं वाटलं. माहेर म्हणजे मला आता एवढंच कळतं: जिथे माझं नाव न घेता माझं गाणं गातात.

नवरीच्या आईला रडता रडता पुढची ओळ सुचेना. बायांनी वाट केली, मी पुढे झाले, त्या पोरीला मिठीत घेतलं आणि मायच्या बाजूने गायले. मग मोटार आली, पोर चढली, धूळ उडाली. इतकी वर्षं मी मोटारीत बसून निघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मागे राहिलेल्या बायांमध्ये उभी राहून मी मोटार दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.