बेटावरचा कौल

देवापुढे कौल लावलेला असताना मी छत्री उघडली. पाऊस नव्हता.

सासुरवाडीच्या नाटे गावापलीकडे खाडीच्या तोंडाशी एक बेट आहे. सगळं देवाचं. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, काठाला जाळं टाकत नाही. गावात कुठे उरली नाहीत एवढी जुनी झाडं तिथे एकमेकांच्या अंगावर रेलून उभी असतात आणि शेंड्यांवर समुद्रगरुड संसार थाटतात. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी सासुरवाडीला गेलो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जावयबापू, बेटावर येता? घरात पुरुषमाणूस दुसरं कोण नाय."

दुसरं होतं, पण ते कुठे होतं हाच प्रश्न होता. माझा मेहुणा मलबारला गेलेल्या गलबतावर खलाशी. बरोबरची गलबतं पावसाआधी बंदराला लागली, त्याचं लागलं नाही. पोर जिवंत आहे की नाही, ते आता देवाला विचारायचं होतं.

मी पाली गावाकडचा, समुद्रापासून दूरचा. समुद्र पाहिला तो आगबोटीत आडवा पडून, डोळे मिटून. मुंबईत कारकून झाल्यावर घेतलेली छत्री मात्र झोपतानाच काय ती हातातून खाली ठेवत असे. ती घेऊन मी होडीत बसलो. गुरवाने वल्ही मारली.

रानात शिरलो आणि चार पावलांत लाटांचा आवाज तुटला. भरदुपारी दिवेलागणीसारखा उजेड. मागून कोणीतरी चालतंय असं वाटून मी वळून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग लक्षात आलं की सासूबाईही वळून पाहताहेत. त्यांना भीती वाटत नव्हती. त्या वाट पाहत होत्या.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. काळ्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. "उजवी आधी सुटली तर पोर येतलं. डावी सुटली तर..." पुढचं त्याने गिळलं.

आम्ही श्वास धरून उभे राहिलो. पाकळ्या हलेनात. तेवढ्यात माझ्या मानेवर काहीतरी गार टेकलं, अगदी भिजलेल्या बोटासारखं. पानावरचा थेंब असेल. भुताला छत्री आवरत नाही एवढं मला कळत होतं, पण माझ्या हाताला ते कोणी सांगितलं नव्हतं. फाट्‌कन छत्री उघडली आणि डावी पाकळी खाली आली.

सासूबाई मटकन बसल्या. डोळ्यांना पदर लावणार, तोच मी ओरडलो, "आई, ही देवाने नाही पाडली! माझ्या छत्रीच्या वाऱ्याने पडली!"

पदर तसाच अर्ध्यात राहिला.

"मग परत लावा ना," मी गुरवाला म्हटलं.

"एका गोष्टीला एकदाच कौल. दुसऱ्यांदा विचारायचा म्हणजे देवाला खोटा पाडायचा."

"पण हा खरा की खोटा?"

"या रानातला वारा कोनाचा, ता मी काय सांगू?"

परत येताना सासूबाई बेटाकडे तोंड करून बसल्या होत्या. मी मात्र मनातून खूश. एका आईची आशा बुडताना वाचवली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत होतो.

त्या गलबताचं फळकूटही पुढे कुठे लागलं नाही. वर्षं गेली. सासुरवाडीला गेलो की पाहायचो, दिवे लागले तरी पुढच्या दाराला कडी नाही. वाऱ्याने दार कुरकुरलं की सासूबाई चुलीपाशी हातातलं काम थांबवायच्या. "आलास काय रे?" मग दार पुन्हा कुरकुरायचं आणि भाताचा वास करपट व्हायचा. त्या वेळी आम्ही सगळे दाराकडेच बघत असू. मीसुद्धा.

एका शिमग्याला मला राहवलं नाही. पानावर बसल्या बसल्या म्हटलं, "आई, किती वर्षं अशी काढायची? मन मोकळं करा. कडी घालत जा आता."

त्यांनी माझ्या पानात आमटी वाढली, पळी भांड्यात ठेवली.

"जावयबापू, त्या दिवशी तुम्ही तोंड मिटून उभे राहिला असतात, तर मी तेव्हाच रडून मोकळी झाली असती."