नवऱ्याच्या वाटणीची गोळी

सुलाबाईनं उभ्या आयुष्यात कुणाचा हेवा केला नव्हता असं नाही. जावेच्या दुभत्या म्हशीचा केला होता. धाकट्या बहिणीला मेढ्याकडं, पाण्याच्या मुलखात दिली तेव्हा तिचाही केला होता. पण ते सगळं चार दिवसांचं. नवऱ्याचा हेवा मात्र तिच्या पोटात घर करून बसला.

म्हसवडपासून आत, माळावरच्या वस्तीवर तिचं घर. सासरची माणसं पिढीजात मेंढरांमागची. तिचा नवरा बिरदेव तेवढा ट्रकवर गेला. डाळिंबं भरून बंगळूरला जायचा, कधी त्याच्याही खाली. मुलगी पूजा शाळेत जायला लागली त्या वर्षी त्याला खोकला लागला तो थांबेना. टीबी निघाला आणि टीबीच्या मागं एचआयव्ही. मग सुलाबाईचं रक्त तपासलं. तिलाही होता. पूजाला नव्हता, त्या एका गोष्टीवर दोघं तगली.

सुलाबाई तेव्हा नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. भिंतीकडं तोंड करून पडलेला हाडांचा सापळा, त्याला काय बोलायचं? तिनं त्याला पेज पाजली, धुतलं, पुसलं. आणि तो उठून हिंडायला लागला तोवर बोलायची वेळ निघून गेली होती. ट्रक सुटला, मेंढरं आली. वस्तीवर सांगितलं, दोघांनाबी शुगर हाय. म्हसवडला कुणी ओळखीचं भेटेल म्हणून औषधाला मिरज धरली. आटपाडी, विटा करत एसटीनं जायचं, गोळ्या आणायच्या. अशी बरीच वर्षं गेली.

मिरजेच्या त्या दवाखान्यात धैर्यशील नावाचे डॉक्टर आले. ते काही वर्षं जपानात राहून एचआयव्हीच्या रुग्णांवर अभ्यास करून आले होते. एका खेपेला त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"तुम्ही रोज जी गोळी घेता तिच्यात तीन औषधं आहेत," ते म्हणाले. "दोनच औषधांची एक गोळी आहे. मूत्रपिंडाला, हाडांना कमी त्रास होईल असा अंदाज आहे. जपानातल्या रुग्णांवर तिचा अभ्यास चाललाय, आता इथंही करायचाय. दोन्हीकडची माणसं ताडून बघायची. तुमची इच्छा असेल तरच."

बिरदेव बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला. सुलाबाईच म्हणाली, "घ्या की आवं. नवीन हाय ती चांगलीच आसंल."

दोघांचं रक्त घेतलं. पुढच्या खेपेला बिरदेव पास झाला, सुलाबाई नाही.

"ताई, तुमच्या यकृतात काविळीचा विषाणू मुक्कामाला आहे," डॉक्टरांनी समजावलं. "तुमच्या जुन्या गोळीतलं तिसरं औषध त्याला दाबून ठेवतं. नव्या गोळीत ते नाही. तिकडं जपानातही ही कावीळ असलेले पुष्कळ रुग्ण निघाले. त्यांनाही आम्ही या अभ्यासात घेतलं नाही. जुनी गोळी हीच तुमची राखण आहे. ती सोडायची नाही."

सुलाबाईच्या कानात एवढंच शिरलं की आपल्याला द्यायची नाही. बिरदेवला ती कावीळ नव्हती. रोग आणला त्यानं, आणि वर हेही तिच्याच वाट्याला.

बिरदेवला निळ्या टोपणाची डबी मिळाली. मिरजेला गेलं की त्याला आधी आत बोलवायचे. रक्त काढून झालं की त्याच्यापुढं इडलीची बशी यायची. डॉक्टर खांद्यावर हात ठेवून विचारायचे, झोप कशी लागते, भूक कशी आहे. सुलाबाई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. झोप तर तिलाच लागत नव्हती, पण ते विचारणार कोण?

बिरदेवच्या अंगावर तेज आलं. गालफडं भरली. मेंढरांमागं दिवसभर हिंडून आला तरी शिट्टी वाजवत यायचा. जाऊ म्हणाली, "भाऊजी नवऱ्या मुलागत दिसाया लागलं गं." सुलाबाईनं हातातली परात आपटली.

एके दिवशी जपानहून एक बाई आली. मोरिता तिचं नाव, तिकडच्या अभ्यासाची मोठी डॉक्टर. बिरदेव आत गेला तसा दाराच्या फटीतून सुलाबाईला दिसलं. ती बाई खुर्चीतून उठली, दोन्ही हात मांडीला लावून कमरेत पार वाकली आणि आदरानं "बिरदेव-सान" म्हणाली. धैर्यशील डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, "तुमच्यामुळं आम्हाला शिकायला मिळतंय, असं त्या म्हणतात." बिरदेव लाजला आणि त्यानंही वाकून नमस्कार केला.

ट्रकवरनं हे घेऊन आला त्याच्यापुढं साता समुद्रापलीकडची बाई वाकते. आणि त्याची घाण काढली ती मी, माझ्यापुढं कोण वाकलं? परतीच्या गाडीत बिरदेव कौतुकानं सांगत होता, ती खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्याच दिवसापासून तिनं गोळ्या फिरवल्या.

त्याला फार काही करावं लागलं नाही. बिरदेवनं गोळी कधी आपल्या हातानं घेतली नव्हती. संध्याकाळी भाकरी झाली की सुलाबाई त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढं करायची. तिनं आपली जुनी त्याला दिली आणि त्याची नवी आपण गिळली. दोन्ही पांढऱ्या, लांबट. नव्या गोळीवर बारीक आकडा कोरलेला, तेवढाच फरक.

आणि काय सांगावं, तिला बरं वाटायला लागलं! डोकं हलकं झालं. झोप लागली. आरशात बघितलं तर गाल वर आल्यासारखे वाटले. बिरदेव भाकरी खाताना ती त्याच्याकडं बघायची आणि मनात म्हणायची, आता बघू तुमचं तेज किती टिकतंय. त्याचं तेज टिकलंच. त्याचाही तिला राग आला.

पाऊस सरता सरता तिचं अन्नावरचं मन उडालं. फोडणीचा वास आला की उमासे यायचे. पिंढऱ्यांत गोळे यायचे. ती म्हणाली, पित्त झालंय. दिवाळीला पूजा सांगलीहून घरी आली. तिकडं ती नर्सिंग शिकत होती. तिनं आईला उंबऱ्याबाहेर उन्हात ओढलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली.

"आई, डोळं हळदीगत झाल्यात तुझं. आत्ताच्या आत्ता मिरज."

मिरजेला तिला ठेवून घेतलं. यकृत सुजलं होतं. काविळीचा विषाणू उसळून आला होता. धैर्यशील डॉक्टर पलंगाशी बसले.

"ताई, गोळी रोज घेत होता?"

"व्हय."

"एक दिवस चुकली नाही?"

"न्हाई."

"मग तो विषाणू दबलेला असायला हवा होता. वर आला कसा?"

सुलाबाई छताकडं बघत राहिली. पूजा तिच्या पायथ्याशी उभी होती. दाराशी टोपी हातात घेऊन बिरदेव उभा होता, तो पुढं आला.

"तिची गोळी मी घेत होतो, डाक्टर. माझी ती घेत होती."

सुलाबाईनं मान वळवली. "तुमास्नी म्हाईत हुतं?"

"गोळीवर आकडा आसायचा. तो दिसंना झाला तवाच कळलं." बिरदेव टोपी चुरगाळत होता. "मला वाटलं, चांगलं औषीद हाय, खाऊ दे तिला. मी तिला वंगाळ दिलं, निदान हे तरी बरं पडंल. म्हनून गप बसलो."

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "काविळीवर चालणारं एक औषध नव्या गोळीतही आहे, पण ते तुमच्या काविळीला आता लागू पडत नाही. इतक्या वर्षांत विषाणू त्याला सरावलाय. अभ्यासातून एक माणूस कमी झालं तर होऊ दे. तुम्ही गेला असता, ताई." मग बिरदेवकडं वळून जरा कडक आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही मला सांगायचं होतं." ते उठले आणि तिची जुनी गोळी त्याच घटकेला सुरू करायला सांगून गेले. पूजाही त्यांच्यामागं बाहेर गेली.

खरं तर सुलाबाईला भरून यायला पाहिजे होतं. पण तिच्या अंगाची लाही झाली. ती चोर ठरली आणि हा देव! सोसण्यातला मोठेपणासुद्धा यानंच घ्यावा?

"गप बसलो म्हनं!" ती उठून बसली. सलाइनची नळी ताणली गेली. "गपच बसा तुमी. तवाबी गप बसला, आताबी गप. कुठनं आनलं हे एकदा तरी सांगितलं का? माझी माफी मागितली का? तुमी भित्तीकडं तोंड करून पडला आन् मी धूत बसले. सगळं मला मिळालं आवं, आन् बरं व्हायचं तेवढं तुमाला!"

इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. शेजारच्या पलंगावरच्या बायका कानोसा घ्यायला लागल्या. बिरदेव खाली मान घालून ऐकत राहिला. ती दमून आडवी झाली तेव्हा तो हळूच म्हणाला, "चुकलो, सुले."

"चुकला तर चुकला," ती म्हणाली आणि कूस बदलली.

बरं व्हायला तिला थंडीचे दिवस लागले. बिरदेव अभ्यासातून बाहेर पडला. दोघांना पुन्हा तीच जुनी गोळी मिळायला लागली. त्याची जागा वाळव्याकडच्या कुणा ज्योतिबानं घेतली, त्याला इडली खाताना बघून सुलाबाईला काहीच वाटलं नाही. बिरदेवचं अंग मात्र भरलेलंच राहिलं, आणि ते बघून तिच्या काळजाला अजून बारीक चिमटा बसायचा. आता तो आपली गोळी आपल्या हातानं घ्यायचा.

शिमग्याआधीच्या एका खेपेची परतीची वाट. एसटीनं विटा सोडलं आणि बिरदेव नेहमीसारखा घोरायला लागला. सुलाबाईनं थोडा वेळ बघितलं आणि कोपरानं ढोसलं.

"जागं व्हा. मी एकटीनंच का जागायचं?"

तो डोळे चोळत सरळ बसला.

"आता सांगा," ती म्हणाली. "बंगळूरच्या रस्त्यावर काय काय झालं, कोन कोन भेटलं. न चुकवता सांगा. मी आयकतीया."

गाडीत पुढची शिटं रिकामी होती. बिरदेवनं एकदा आजूबाजूला बघितलं, घसा खाकरला आणि खाली आवाजात सांगायला सुरुवात केली. आटपाडी आली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं. मध्येच एका बाईचा विषय निघाला तसं तिनं विचारलं, "ती दिसायला कशी हुती?" आणि तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "ध्यानात न्हाई गं. तिचं तोंडच आठवत न्हाई."