पंधरा फेऱ्यांचे चिंचोके

बोईसरच्या आमच्या शाळेचं मैदान लांबीला अपुरं होतं. धावपट्टीची एक फेरी जेमतेम दोनशे मीटरची. दर शनिवारी सकाळी पीटीचे सर फक्कीचं पोतं आणि दोरी घेऊन ती आखत, आणि सोमवारपर्यंत गुरं ती अर्धी पुसून टाकत. हा काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. तेव्हा जिल्हा ठाणे होता आणि पालघर हा त्यातला एक तालुका.

मुलींच्या संघात दोन तट होते. शंभर, दोनशे आणि रिले पळणाऱ्या आम्ही बहुतेक तारापूरच्या वसाहतीतल्या किंवा कारखान्यांच्या क्वार्टर्समधल्या. आमच्याकडे कॅनव्हासचे बूट होते आणि सुरुवातीच्या रेषेमागे पाय रोवायचे खड्डे खणायला स्वतःच्या खुरप्या होत्या. पंधराशे आणि तीन हजार पळणाऱ्या मुली गावांतल्या. काही रेल्वेच्या पूर्वेच्या डोंगराकडून चालत येणाऱ्या, एक किनाऱ्यावरच्या दांडी गावची, मासेमारांच्या घरातली. त्या अनवाणी पळत.

आम्ही त्यांना मालगाडी म्हणायचो. बोईसर स्टेशनातून दिवसभर मालगाड्या जात, त्यामुळे उपमा शोधावी लागली नव्हती. त्या आम्हाला फुलबाज्या म्हणत. "पेटली नाय तवर इजली," हे दांडीच्या मुलीचं आमच्या शंभर मीटरबद्दलचं मत होतं. आम्ही खड्डे खणायला बसलो की ती विचारायची, "काय गो, भात लावताव का?"

सरांनी एक नियम घालून दिला होता. लांबच्या शर्यतीत प्रत्येक मुलीच्या फेऱ्या मोजायला शंभरवाली एक मुलगी उभी राहील. घड्याळ एकच आणि ते सरांच्या हातात, म्हणून मोजणी चिंचोक्यांवर चाले. तीन हजार मीटरला पंधरा फेऱ्या, म्हणून मुठीत पंधरा चिंचोके. आपली मुलगी रेषेवरून गेली की एक खाली टाकायचा. शेवटच्या पाच फेऱ्यांत उरलेले चिंचोके बोटांवर दाखवायचे. पळणारीने स्वतः मोजायचं नाही, असं सर बजावत. डोकं मोजण्यात गेलं की पाय मंदावतात, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला हे काम शिक्षेसारखं वाटे. एकच मुलगी पंधरा वेळा समोरून जाताना पाहायची, यात पाहण्यासारखं काय आहे हे आम्हाला कळत नव्हतं.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी डोंगराकडची होती. दहावीत, माझ्याच वर्गात. बोलायला कमी, पळायला संघातली सगळ्यात चिवट. तिचे आईवडील दरवर्षी भात झोडून झालं की वीटभट्टीच्या कामाला जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. मागची दोन वर्षं ती त्या महिन्यांत मामाकडे राहून शाळेत आली होती. त्या वर्षी वडिलांनी तिलाही न्यायचं ठरवलं. सर त्यांना भेटून आले तेव्हा बोलणं एका अटीवर थांबलं होतं. मुलगी जिल्ह्याला निवडली गेली तर परीक्षेपर्यंत मामाकडे राहील, नाहीतर त्यांच्याबरोबर जाईल. तालुक्यातल्या पहिल्या दोन मुली जिल्ह्याला जात. ही अट संघातल्या प्रत्येकीला ठाऊक होती. मलाही होती.

तालुक्याच्या स्पर्धा पालघरला होत्या, दोन दिवसांच्या. बोईसरहून आम्ही एसटीने गेलो. पहिल्या दिवशी सकाळी माझी शंभरची अंतिम शर्यत झाली आणि मी पहिली आले. दुपारी तीन हजार मीटर. तिथली फेरीही दोनशेचीच होती. मी पंधरा चिंचोके मोजून घेतले, दोनदा, आणि रेषेजवळ उभी राहिले.

पालघरच्या एका शाळेची उंच मुलगी पहिल्या दोन फेऱ्यांतच पुढे निघून गेली. आमची दुसरी होती. तिच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर तिसरी, आणि बाकीच्या मैदानभर विखुरलेल्या. नवव्या की दहाव्या फेरीच्या सुमाराला लाउडस्पीकरवर शंभर मीटरचे निकाल वाचायला सुरुवात झाली. माझं नाव शाळेसकट घेतलं गेलं, आणि प्रमाणपत्र घेऊन जावं असं सांगितलं गेलं. मी मंडपाकडे वळून पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही. नाव दुसऱ्यांदा घेतलं गेलं तेही मी ऐकलं, एवढं आठवतं. मी परत वळले तेव्हा ती वळणावर होती. रेषेवरून ती गेली होती की यायची होती, हा प्रश्न मला त्या क्षणी पडलाच नाही.

शेवटच्या फेरीची घंटा फक्त पहिल्या मुलीसाठी वाजे. कोण कितव्या फेरीत आहे ते इतर मुलींनी आपापल्या मोजणारीकडे पाहून ठरवायचं. पहिलीची घंटा झाली. थोड्या वेळाने आमची रेषेवर आली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुठीत दोन चिंचोके होते. मी दोन बोटं दाखवली. तिची नजर क्षणभर माझ्या हातावर थांबली आणि ती आहे त्याच वेगाने पुढे गेली.

शेवटच्या वळणावर मागची मुलगी जोर लावून तिच्या पुढे गेली. आमच्या मुलीने तिला जाऊ दिलं, कारण अजून एक फेरी होती. ती तिसरी आली आणि पळतच राहिली. पंच हात हलवत होते. तिला वाटलं असावं की ते दुसऱ्या कोणासाठी आहे. अर्धी फेरी ती एकटी पळत होती. मंडपातून हसण्याचा आवाज आला आणि लाउडस्पीकरवर कोणीतरी म्हणालं, "त्या मुलीला थांबवा, शर्यत संपली."

मी मैदानाच्या मधून तिच्याकडे धावले. ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती.

"संपली?" तिने विचारलं.

"संपली."

"माज्या मोजणीत पण संपलीच व्हती."

"तू मोजत होतीस? मग जोर का नाही लावलास?"

"तू दोन दावलीस," ती म्हणाली. "मोजणारी तू व्हतीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने कारण सांगितलं होतं, एवढंच. दांडीची मुलगी, जी त्याच शर्यतीत सहावी आली होती, मागून आली. "फुलबाजीला आपलं नाव आयकाया भेटलं ना," ती म्हणाली, "बास झालं."

सरांनी विचारलं, चूक कोणाची. मी माझी म्हणाले. ते पंचांच्या टेबलापर्यंत जाऊन आले, आणि निकाल बदलणार नाही हे त्यांना जाण्याआधीच माहीत असावं. परतीच्या एसटीत शंभरवाल्या पुढे बसल्या आणि लांबच्या मुली मागे. माझं प्रमाणपत्र पिशवीत घडी पडून राहिलं. घरी ते मी तीन दिवसांनी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पंधराशे मीटर होती. ती संधी शेवटची. सकाळी मोजणाऱ्या मुली नेमायची वेळ आली तेव्हा लांबच्या मुली एकीकडे उभ्या राहिल्या.

"आमचं आमी मोजू," दांडीची मुलगी म्हणाली.

"तू स्वतः पळणार आहेस," सर म्हणाले. "मोजणार कशी? पळता पळता चिंचोके टाकत जाणार?"

"टाकीन. मागच्या मुली घसरून पडतील."

दोघीतिघी हसल्या. सरांनी डोंगराकडच्या मुलीला विचारलं, तुला कोण पाहिजे. तिने माझ्याकडे बोट केलं.

"ही? का?"

"काल चुकली ना ती," ती म्हणाली. "आज हिकडं तिकडं बघायची हिंमत नाय तिची."

सरांना हसू आलं. मला आलं नाही, कारण ते खरं होतं.

पंधराशेला साडेसात फेऱ्या. सुरुवात मैदानाच्या पलीकडच्या बाजूने होते, म्हणजे रेषेवरून आठ वेळा जायचं. मी आठ चिंचोके घेतले. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा लांबची शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. तिसऱ्या फेरीला तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस आला. चौथ्या फेरीत तिचा डावा हात पोटाशी आवळला गेला आणि तिने तो मुद्दाम खाली सोडला. पाचव्या फेरीला ती माझ्यासमोरून गेली तेव्हा श्वासाचा आवाज मला पावलांच्या आवाजाआधी ऐकू आला. या मुली हळू पळतात, असं आम्ही इतकी वर्षं समजत आलो होतो. तो वेग मी स्वतः दोन फेऱ्यांपुढे टिकवू शकले नसते. आमची शर्यत दुखायला लागायच्या आत संपते. तिची तिथून पुढे सुरू होत होती.

मधे रिलेतली एक मुलगी येऊन माझ्या खांद्याला धरून काहीतरी सांगत होती. ती काय म्हणाली ते मला नंतरही कळलं नाही.

दोन चिंचोके उरले तेव्हा ती तिसरी होती. मी दोन बोटं दाखवली आणि ओरडून सांगितलं, "दोन! खरंच दोन!" तिने मान हलवली. शेवटच्या फेरीला एक बोट दाखवलं तेव्हा पुढची मुलगी तिच्यापासून दहा पावलांवर होती. पलीकडच्या बाजूला तिने ते अंतर कापायला सुरुवात केली. वळणावर दोघी बरोबर आल्या. रेषेवर ती दुसरी होती, एका हाताच्या अंतराने. कालचीच उंच मुलगी पहिली आली, तिच्याशी आमचं भांडण नव्हतं.

ती मैदानातच बसली. दांडीच्या मुलीने स्वतःची शर्यत संपवली, पाण्याचा तांब्या आणला आणि आधी तिला दिला. मग मला विचारलं, "तू पेतंस?" मी प्यायले.

त्यानंतर संघात नावं बदलली नाहीत. मालगाडी मालगाडीच राहिली आणि फुलबाजी फुलबाजीच. पण आठवड्यातून एकदा ओहोटी असेल तेव्हा आम्ही सगळ्या दांडीच्या ओल्या वाळूवर एकत्र पळू लागलो. तिथे आमचे बूट निरुपयोगी होते. लांबच्या मुली पुढे जाऊन आमची वाट पाहत थांबत, आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. खुरप्याही मग सगळ्यांच्या झाल्या.

स्पर्धेनंतरच्या पहिल्याच रविवारी सर निवडीचा कागद घेऊन तिच्या गावी गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या पाड्यावरची माणसं भांडीकुंडी आणि कोंबड्या घेऊन ट्रकमध्ये चढली, असं वर्गातल्या एकाने सोमवारी सकाळी सांगितलं. तिच्या घरचेही त्यात होते. घंटा झाली, बाई हजेरी घ्यायला लागल्या. तिचा नंबर माझ्यानंतर दोन नंबरांनी होता. मी मागे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या बाकावरून तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात "हजर" ऐकू आलं, आणि बाईंनी पुढचा नंबर घेतला.