चुन्याची निवळी

नवऱ्याचा विसरलेला डबा द्यायला मी संग्रहालयात गेले, तर तो एका बाईला अंघोळ घालत होता. बाई जुन्या छापील चित्रातली. मांडीवर वीणा, गालावर तपकिरी डाग. पसरट ट्रेमध्ये चुन्याची निवळी होती आणि तिच्यात तो तिला दोन्ही तळहातांवर झेलून बुडवत होता.

"कागदातच आम्ल असतं," मान वर न करता तो म्हणाला. "तो आतल्या आत जळत राहतो. पिवळा पडला की मग आपल्याला कळतं. निवळीनं ते आम्ल मरतं."

मत्सरही असाच असावा, बाहेरून कुणाला काडी लावावी लागत नाही. बावीस वर्षं मी याच्यासमोर जिरं चावते, छातीत जळजळतंय म्हणते. "गोळी घे," म्हणतो, तेही मान वर न करता.

तिला मात्र त्याने टिपकागदावर अलगद निजवलं. ओल गेली का म्हणून बोटाच्या पाठीनं गाल चाचपला.

"आता ही आपल्यामागेही राहील."

"मी पिवळी दिसते का रे?" दारातून मी विचारलं.

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "जाताना दार ओढून घे," तो म्हणाला, "तिच्यावर ऊन येतंय."