टपावरची खळी

दामूदादा गेल्याचा निरोप पालघरला आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर आला. पलीकडून त्यांच्या पत्नी सुमनवहिनी बोलत होत्या, आवाज ओळखीचा होता, तरी मी दोनदा विचारलं, नक्की ना? फोन ठेवल्यावर माझं मलाच जाणवलं की हा प्रश्न माझा नव्हे, दामूदादांचा. कुणी काहीही सांगितलं की आधी मान तिरकी करून "नक्की?" म्हणायचं, हे मी दामूदादांच्या घरात राहून शिकलो. तो फोन येऊन आता काही आठवडे झाले. अजून कुणी चांगलं बोललं तरी माझी मान तिरकी होते...

आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिलाच. साताऱ्याकडच्या खेड्यातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. जवळच्या कुंभवली गावात खोल्या भरलेल्या. एकट्या पोराला घरात घ्यायला कुणी तयार नव्हतं. दामूदादा बोईसरला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात रंगारी होते. चहाच्या टपरीवर ओळख झाली. त्यांनी माझं नाव, गाव, वडिलांचा धंदा, सगळं उलटसुलट विचारून घेतलं आणि किनाऱ्यावरच्या आपल्या घरातली मागची खोली मला दिली. मासे सुकवणारं, होड्या चालवणारं ते घर. त्यांच्या आईने पहिल्याच दिवशी माझं ताट मांडलं, आणि परक्या मुलखातली माझी भीती अर्धी तिथेच गेली. पुढे पालघरला माझं घर उभं राहिलं, त्याचा पाया ती खोली. हे मी कधी विसरणार नाही.

दामूदादांचा मात्र कुणावर म्हणून विश्वास नव्हता. रंग पातळ करायचं थिनर विकत घेताना ते डब्याचं झाकण उघडून हुंगायचे, दुकानदाराकडे बघायचे आणि पुन्हा हुंगायचे. चहा गोड झाला तरी कुणाचं तरी आपल्याकडे काम असणार, असं म्हणायचे. मी शांत बसलो की आईला सांगायचे, "शिकलेला मानूस गप बसला की मला भ्या वाटतं." आई म्हणायची, "तू बोलू देशील तवा बोलंल ना तो."

दसऱ्याला दादांच्या कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. त्या वर्षी मालकांनी मुंबईहून प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेला, खेळण्याएवढा एक छोटा ट्रक आणला आणि पूजेत ठेवण्यासाठी रंगवायला दामूदादांकडे दिला. कामावरचा उत्तरेकडचा एक सोबती सगळ्यांदेखत म्हणाला, "बड़ी गाड़ी का हाथ है, छोटी पे नहीं चलेगा." झालं. दादा तो ट्रक घरी घेऊन आले. मोठ्या ट्रकची रबरी ट्यूब हवेने टम्म भरून सायकलवरून आणली, तिच्या हवेवर चालणारा लहानसा फवारा जोडला. ट्रक साबणाने धुतला, ओल्या पॉलिश पेपरने घासला. थिनर जास्त झालं तर प्लॅस्टिक खातं, म्हणून रंगाचे हात अगदी पातळ. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं. आधी अस्तराचा हात दिला आणि ट्रक पत्र्याच्या डब्याखाली झाकून वाळत ठेवला. दुसऱ्या दिवशी वर लाल रंग मारला. सगळीकडे काचेसारखा बसला, फक्त केबिनच्या टपावर एका जागी रंग मागे सरकला आणि बोटाएवढी खळी राहिली.

सगळा रंग घासून काढून त्यांनी पुन्हा अस्तर दिलं, पुन्हा लाल मारला. त्याच जागी खळी. तिसऱ्या वेळीही तेच. तेलाचा अंश असला की रंग असा पळतो, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. रात्रपाळीमुळे दिवसा घरात असायचो मी, आणि केसांना खोबरेल चोपडायचो तेही मीच. एका सकाळी माझा पंजा धरून त्यांनी तो नाकाशी नेला. हुंगून सोडून दिला. संध्याकाळी म्हणाले, दसऱ्यानंतर दुसरी खोली बघा.

मला ते फार लागलं. मग मीही संशय घेऊ लागलो. यांना खोली कुणा नातेवाइकाला द्यायची असेल, खळीचं निमित्त असेल... ज्या घरात कुणी कुलूप लावत नसे, तिथे मी खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात घालू लागलो. आईने ते पाहिलं. ताट वाढताना ती माझ्याकडे बघेनाशी झाली.

दसऱ्याच्या आधी सुट्टीच्या दिवशी दादांनी शेवटचं अस्तर दिलं, ट्रक झाकला आणि मला बाहेर ओट्यावर समोर बसवलं. मी त्यांच्या नजरेखाली, ते माझ्या. दुपारभर आम्ही एकमेकांवर पहारा केला. आणि आत पत्र्याचा डबा वाजला.

आम्ही दोघंही दाराशी गेलो. आई पाठमोरी बसली होती. तिने तेलाच्या वाटीत बोट बुडवलं, ट्रकच्या टपावर टेकवलं, पदराने हलकेच पुसलं आणि पुटपुटली, "ज्याच्या हाती जाशील त्याला सुखरूप घरी आन." त्या घरात नवी होडी पाण्यात ढकलण्याआधी आई तिला असंच तेल-कुंकवाचं बोट लावायची. नवा रंग म्हणजे नवी होडी. दादांनी पुन्हा रंगवला की आईने पुन्हा बोट लावायचं. कुंकवाचा डाग दिसला तर पोरगा ओरडेल, म्हणून नुसतं तेल.

दादा उंबऱ्यातच थांबले. मग म्हणाले, "आये, झालं का लावून?"

"झालं. आता ने खुशाल."

"नेतो."

त्यांनी तो टप धुतला नाही. तेलावरच लाल रंग मारला आणि खळी तशीच घेऊन ट्रक पूजेला नेला. तो सोबती हसला म्हणे. दादांनी त्याला सांगितलं, ती जागा आमच्या आयेची हाय. माझी मात्र माफीबिफी काही मागितली नाही. पूजेला निघताना माझ्या खिशाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "ती किल्ली आत खिळ्याला लावा. हरवंल."

पुढे त्यांनी असे पुष्कळ छोटे ट्रक रंगवले. आधी आईचं तेलाचं बोट, मग साबणाने धुणं, मग अस्तर. आई गेल्यावर ते बोट स्वतः लावायचे, आणि धुतल्यावर तेल राहिलं असेल या संशयाने पुन्हा धुवायचे.

दहाव्याला गेलो तेव्हा तो पहिला ट्रक कपाटात होता. पूजेनंतर मालकांनी तो दादांनाच देऊन टाकला होता. लाल रंग अजून काचेसारखा, टपावर तेवढी बोटाएवढी खळी. सुमनवहिनी म्हणाल्या, "घ्या ना हातात. आता कोन विचारनार हाय?"

मी हात पुढे केला... आणि तसाच मागे घेतला. आधी पंजा नाकाशी नेऊन हुंगला.