गॅलरीतला मान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं कळतं – मी कुठं खोटं हसलो, कुणावर मनातनं जळफळलो – पण ही एक गोष्ट तिच्यासमोरही कधी ओठावर येऊ दिली नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाकडं बघत हे बोलायची माझी छाती नाही.

माझं शिरूरला मार्केट यार्डाजवळ खत-बियाण्यांचं दुकान आहे. घर मात्र तिकडं दौंड तालुक्यात, वरवंडजवळच्या वस्तीवर. तिथं थोरला दादा राहतो, आणि आप्पा असायचे. आप्पा म्हणजे आमचे वडील. आम्ही धनगर. तरुणपणी आप्पा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. पुढं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. डोक्याचा पटका तेवढा राहिला.

आणि एक सवय राहिली. आप्पा एकटे कधी जेवायचे नाहीत. मेंढरांमागं असताना सगळे एका चुलीभोवती बसून खायचे, तेच अंगात मुरलेलं. घरातही सगळ्यांची ताटं मांडली का ते बघायचे, नातवंडांना दोन्ही बाजूंना घ्यायचे, मगच पहिला घास. जेवण झालं की ताटातच हात धुवायचे आणि ते पाणी ताटभर फिरवायचे – एक शीत चिकटून राहता कामा नये. आमच्यात सगळेच धुतात. मीही धुतो. म्हणजे – घरी.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. बियाण्यांच्या कंपन्या चांगला धंदा करणाऱ्या दुकानदारांना परदेशात फिरवून आणायच्या. मला सिंगापूरची क्रूझ लागली. तीन दिवस जहाजावर, दोघांची सोय. त्यात मी तालुक्यात पहिला आलेलो, म्हणून खोली गॅलरीवाली, बाकीच्यांना बिनखिडकीच्या. काय माज चढला होता मला, विचारू नका! बायकोला सातवा महिना होता. ती म्हणाली, "आप्पांना न्या की. जन्मात कुठं गेलेत ते?" नेलं. गावभर वाहवा झाली – पोरगा असावा तर असा. दादानं आप्पांना नवं धोतर, नवा पटका घेतला आणि विमानतळापर्यंत सोडायला आला.

पहिल्या दिवशी दुपारी सगळे जहाजाच्या मोठ्या हॉलमध्ये जेवायला बसलो. पांढरीशुभ्र टेबलं, काटे-चमचे, समोर कंपनीचे साहेब, शेजारी त्यांच्या मिसेस. आप्पा मजेत जेवत होते. सूपमध्ये पाव कुस्करला, फुर्र करून भुरकला, वर साहेबांच्या मिसेसना आग्रह – "घ्या बाई, लाजू नगा." त्या हसल्या. चांगलं, मोकळं हसल्या. हे मला फार उशिरा कळलं. मग आप्पांनी ग्लास उचलला आणि त्या चिनीमातीच्या प्लेटमध्ये हात धुतला. पाणी फिरवलं. नगरकडचा एक दुकानदार शेजारच्याला कोपरानं ढोसून फिस्सकन हसला.

एवढंच घडलं. एक मूर्ख माणूस हसला. त्यावर मी काय करायला हवं होतं? माझ्याही प्लेटमध्ये हात धुवायला हवा होता – त्याच्या डोळ्यांत डोळे घालून! पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नॅपकिनला हात पुसले आणि आप्पांना दंडाला धरून उठवलं.

खोलीत जेवण मागवता येतं, हे मी कागदावर वाचलं होतं. संध्याकाळी मी म्हणालो, "आप्पा, आता तुमचं जेवण हितंच. गॅलरीत."

आप्पांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "येगळं कशापायी? मी काय वाळीत पडलोय व्हय?"

बरोब्बर बोलले होते ते. वाळीतच टाकत होतो मी त्यांना – माझ्या सख्ख्या बापाला. पण जीभ कुठं अडखळली? म्हणालो, "न्हाई हो आप्पा. हितं तशी रीतच हाय. खालच्या हॉलात सगळी जनता जेवती. गॅलरीत फकस्त मानाची मानसं."

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. नव्यानं पटका बांधून बसले जेवायला. त्या रात्री मी त्यांच्यासोबत जेवलो. खाली समुद्र, वर आम्ही दोघं, आणि ते सारखं म्हणत होते, "लई मोठा केलास रं मला."

दुसऱ्या दिवशी मीटिंग आहे म्हणून मी खाली गेलो. मीटिंग कसली? हॉलमध्ये सगळ्यांबरोबर चापून जेवलो, हसलो-खिदळलो. साहेबांच्या मिसेसनी विचारलं, "बाबा कुठं आहेत? त्यांना आणा ना, गोड आहेत." मी सांगितलं, त्यांना बोट लागलीय, पडून आहेत. वर आलो तेव्हा अडीच वाजून गेले असतील. आप्पा गॅलरीत खुर्चीवर तसेच बसलेले. समोर झाकलेली ताटं, घास मोडलेला नाही.

"तुझ्याबिगर कसा जेवू?"

"मी जेवलो आप्पा. साहेबांनी सोडलं न्हाई."

"असू दे. बस तरी जरा."

बसलो नाही मी. साहेब वाट बघतायत म्हणालो आणि दार ओढून घेतलं. पोट भरलेलं होतं, काम काही नव्हतं, आणि तरी बसलो नाही. तिसऱ्या दिवशीही तेच.

इथंच संपलं असतं, तर मी कदाचित विसरूनही गेलो असतो. पण आप्पांनी परत आल्यावर गाव डोक्यावर घेतलं. पारावर सांगितलं, कासुर्डीला बहिणीकडं जाऊन सांगितलं, चौफुल्याला एसटीची वाट बघणाऱ्या परक्या माणसांना सांगितलं. आणि एकदा पंगतीत बसल्या बसल्या दादाची थट्टा केली – "तुमच्यात काय, बसवता आपलं समद्यांच्या मधी. धाकट्यानं मला गॅलरीत येगळा मान दिला."

थट्टाच होती ती. पण दादा साधा माणूस, त्यानं ती काळजाला लावून घेतली. तेव्हा त्याच्या नव्या घराचं काम चालू होतं. त्यानं पुढच्या बाजूला गॅलरी काढली. टेबल आणलं, खुर्ची आणली, टेबलावर फुलाफुलांचं कापड. आणि आप्पांचं ताट तिथं जायला लागलं. एकट्याचं.

मी पुढच्या महिन्यात गेलो, तेव्हा दादानं हात धरून दाखवायला नेलं. आत भावजय आणि पोरं जमिनीवर पंगत करून जेवत होती, हसत होती, एकमेकांच्या ताटातलं पळवत होती. बाहेर आप्पा, टेबलाशी. खुर्ची दाराकडं तोंड करून ओढून घेतलेली. नातवंडं जवळ गेली की दादा दटावायचा – "आज्याला निवांत जेवू द्या."

"बघ," दादा मला म्हणाला, "जमलंय का? तू दिलास तसाच मान."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. काय बोलतील? गावभर ज्याची फुशारकी मारली, ते नको म्हणायचं कुठल्या तोंडानं? ते मी म्हणायचं होतं. दादा, आप्पांना पंगतीतच बसव रे, त्यांना तेच आवडतं – एवढं एक वाक्य. पण मग दादा विचारणार, तू का नाही बसवलंस? मी म्हणालो, "झकास जमलंय."

पाच वर्षं आप्पा तिथं जेवले. दोन्ही वेळा. मी गेलो की विचारायचे, "बसतोस का?" कधी बसलो. बऱ्याचदा दुकानाची घाई सांगितली. खरं म्हणजे त्या टेबलाशी त्यांच्यासमोर बसवतच नसे मला. जेवण कमी होत गेलं त्यांचं. दादा म्हणायचा, वय झालं. मीही मान हलवायचो.

आप्पा गेले. दहाव्याला सगळे पाहुणे जमले होते. दादानं सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आलेले. म्हणाला, "बापाला मान कसा द्यायचा, ह्ये मला ह्यानं शिकवलं. शेवटपत्तुर त्यांचं ताट येगळं होतं." लोकांनी माना डोलावल्या. मग त्यानं हळूच, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "खूश व्हते ना रं आप्पा, तितं?"

मी म्हणालो, "व्हय दादा. लई खूश व्हते."