बर्फाच्या पेटीवरची वहिनी

थोरल्या सुनेला घरात सगळे कुलूपवहिनी म्हणत. नाव धाकट्या दिराने ठेवलेलं. एका सहलीत गाडीच्या डिकीत तापलेलं चिकन खाऊन अख्खं घर आडवं झालं होतं, तेव्हापासून बर्फाची पेटी तिच्या गळ्यात पडली. पोरं थंड पाण्यासाठी झाकण उघडायची, नणंद लिंबासाठी, आणि नवरा नुसताच आत डोकावायला. बर्फ वितळायचा, अंडी आणि दही कोमट व्हायचं. सांगून सांगून घसा बसला, तेव्हा ती सरळ झाकणावरच बसायला लागली. कुणाचं पोट पुन्हा बिघडलं नाही. पण सगळे धबधब्यात भिजायचे आणि हिच्या वाट्याला उन्हातलं पार्किंग.

यंदा तिने डोकं चालवलं. पाव, भाजलेले शेंगदाणे, केळी, बिस्किटं, असं उन्हात बिघडणार नाही तेवढंच पिशवीत भरलं. पेटी माळ्यावर टाकली. गाडीतून उतरताच ती ठसक्यात म्हणाली, "चला, मीही येते! यंदा राखायला काही नाही."

"अगंबाई, खरंच की!" सासूबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे तू मोकळीच आहेस." त्यांनी खांद्यावरची पर्स काढून तिच्या हातात दिली. मागोमाग नणंदेचा मोबाईल आला, दिराचा चष्मा आला, पोरांचे कोरडे कपडे आले. नवऱ्याने वर गाडीची किल्ली ठेवली.

सगळे हसत खिदळत धबधब्याकडे गेले. दोन्ही हात भरून ती पार्किंगमध्येच उभी राहिली. यंदा बसायला पेटीसुद्धा नव्हती.